वजन कोणत्या पायावर?

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. कुरकुंभला फिरंगाईचे दर्शन घेऊन मी डोंगर उतरलो आणि नेहमीप्रमाणे आबांच्या घरी गेलो. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्याला कुरकुंभ म्हटले की दोन गोष्टी आठवतात. एक, डोंगरावरची देवी. आणि दुसरी, एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांची रांग. मला तिसरीही आठवते. नव्वदच्या दशकात बँकेने मला या बाजूच्या एका शाखेत पाठवले, तेव्हा ज्यांच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या ते आबा. नोकरी संपली, खोल्या केव्हाच सोडल्या. पण आबा सुटले नाहीत.

आबा आता ऐंशीच्या घरात आहेत. तरुणपणी त्यांनी आसपासच्या जत्रांतले फड गाजवले, पुढे गावच्या तालमीत पोरांना डाव शिकवले. कर्जाच्या हप्त्याची तारीख कधी चुकवली नाही आणि नवरात्राचे नऊ दिवस पायात वहाण कधी घातली नाही, या दोन गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान.

त्यांचा नातू अमेरिकेत टेक्सासला असतो. इंजिनिअर आहे. सुटीला आला होता. घरामागच्या मोकळ्या खळ्यात हातात चकचकीत काठी घेऊन तो उभा, समोर मातीत रोवलेल्या लाकडी खुंटीवर प्लॅस्टिकचा पांढरा चेंडू, आणि ओट्यावर पोत्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. मोबाइलच्या पडद्यावर दोन पावले दिसत होती; निळी, हिरवी, पिवळी, मध्येच लाल. पोरगा हलला की रंग हलत होते.

"काका, हे बघा," तो म्हणाला, "बुटात सेन्सरचे इनसोल आहेत. मी स्विंग घेताना वजन कोणत्या पायावर, किती आणि केव्हा जातं, ते सगळं इथे दिसतं. माझी जुनी खोड आहे; चेंडू लागायच्या क्षणी वजन डाव्या पायावर पोचतच नाही. तिकडे कोचला तासाला भरपूर डॉलर मोजले, तेव्हा त्याने हे घ्यायला सांगितलं."

त्याने काठी फिरवली. आबा बाजेवर बसून सुपारी कातरत होते. पडद्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "साहेब, ह्यो चेंडू मारायच्या आधीच उठतोय. उजवा पाय मागंच ऱ्हातोय त्याचा."

नातवाने पडद्याकडे पाहिले, आजोबांकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. यंत्राचे म्हणणे तेच होते.

आम्ही सगळे हसलो. घरी परतताना मात्र मी हसत नव्हतो, कारण त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्याच इनसोलने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती आबांना दिसली नव्हती. ती सांगण्याआधी या वजनाच्या भानगडीबद्दल थोडे सांगायला हवे.

पाव सेकंदाचा हिशेब

गोल्फ हा आपला खेळ नव्हे, असे आपण मानतो. साहेब आला, त्याने हिरवळ राखली आणि आपली पोरे त्याच्या काठ्यांची पिशवी वाहू लागली. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९चा, आणि ब्रिटनबाहेर त्याच्याएवढा जुना क्लब दुसरा नाही. नाशिकला 'गोल्फ क्लब मैदान' म्हणून जे ओळखतात तिथे आता क्रिकेट चालते, लोक सकाळी फिरायला येतात. त्याला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव मिळाले, तरी बोलण्यातला गोल्फ गेला नाही. पण पिशवी वाहणाऱ्यांनी नुसती पिशवी वाहिली नाही. दिल्लीच्या मैदानावर कॅडी असलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ साली पुन्हा जिंकली. लष्करी डॉक्टरांच्या घरातला, १९८७ साली पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी पुढे जगभर खेळला. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच्याबरोबर भारतातर्फे उतरला तो पुण्याचा उदयन माने. तेव्हा या खेळाशी आपला काही संबंध नाही असे म्हणण्याचे दिवस गेले.

या खेळातला सगळ्यांत अवघड भाग म्हणजे उभे राहणे. ऐकायला हे गमतीचे वाटेल. उजव्या हाताने खेळणारा माणूस चेंडूसमोर उभा राहतो तेव्हा वजन साधारण दोन्ही पायांवर सारखे असते. काठी मागे नेताना ते उजव्या पायावर येते. काठी खाली येऊ लागली की ते डाव्या पायावर जायला हवे, आणि तेही काठी चेंडूपाशी पोचण्याआधी. काठी वरून चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. काही दिसले आणि आपण हललो, एवढ्यालाच माणसाला जवळजवळ तितका वेळ लागतो. म्हणजे 'आता वजन डावीकडे न्यावे' असा विचार डोक्यात येईपर्यंत चेंडू गेलेला असतो, किंवा जागचा हललेला नसतो.

क्रिकेटमध्ये आपण हे रोज बघतो. फलंदाज पुढच्या पायावर गेला की नाही, यावर घराघरातले आजोबा, सून आणि नातू एकमताने बोलतात. विटीदांडूत कोललेली विटी लांब गेली ती मनगटाने नव्हे, पायाने. हे ज्याने खेळले त्याला ठाऊक आहे. सगळ्या फटक्यांचे मूळ तळव्याखाली आहे.

मग यंत्र करते काय? इनसोलमध्ये दाब मोजणारे बारीक ठिपके असतात. जास्त दाबले की त्यांतून जाणारा विजेचा प्रवाह बदलतो, आणि तो बदल आकडा होऊन मोबाइलवर येतो. दुसऱ्या प्रकारचा संवेदक कमरेला किंवा मनगटाला बांधतात. तो दाब मोजत नाही, हालचाल मोजतो. मोबाइल आडवा केला की चित्र आडवे होते ते याच जातीच्या संवेदकामुळे. मोटारीतली एअरबॅग धडकेच्या क्षणी फुगते तीही त्याच्याच इशाऱ्यावर.

हे दोन संवेदक कधीकधी एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देतात. कमरेचा म्हणतो, शरीर अजून उजवीकडे आहे. पायातला म्हणतो, जोर डावीकडे गेला. दोघेही खरे बोलत असतात. वजनकाट्यावर उभे राहून झटकन गुडघे वाकवून पाहा. काटा आधी खाली येतो, मग तुमच्या वजनाच्या पुढे उडी मारतो. तुमचे वजन काही क्षणात वाढले नाही. तुम्ही जमिनीला ढकललेत. गोल्फमध्ये ज्याला वजन सरकवणे म्हणतात ते बरेचसे हे ढकलणे आहे. चांगला खेळाडू काठी अजून मागे जात असतानाच डाव्या पायाने जमीन ढकलायला लागलेला असतो.

ही कल्पनाही आजची नाही. एत्येन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एका बुटाचे वर्णन आहे. त्याच्या रबरी तळव्यात हवेची पोकळी. पाऊल पडले की हवा दाबली जाई, ती नळीवाटे चालणाऱ्याच्या हातातल्या यंत्रात जाई आणि तिथे कागदावर रेघ उमटे. नातवाच्या मोबाइलवर उमटली ती त्याच रेघेची पणती.

सरासरीचा सापळा

बँकेत चार दशके काढलेल्या माणसाला आकड्यांचे प्रेम असते आणि भीतीही असते. आकडा खोटा नसतो, पण तो कशाचा आहे हे विचारावे लागते. ताळेबंद जुळला म्हणजे धंदा चालला असे नव्हे.

गोल्फच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे सांगितले, की वजन शेवटपर्यंत पुढच्या पायावर गेलेच पाहिजे. न गेले तर दोष. ऑस्ट्रेलियातल्या केव्हिन बॉल आणि रसेल बेस्ट या संशोधकांनी ६२ गोल्फपटूंच्या पायाखालचा दाब मोजला आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांना एक नव्हे, दोन पद्धती सापडल्या. काहींचा दाब चेंडू लागताना पुढच्या पायावर जात राहतो. काहींचा आधी पुढे जातो आणि चेंडू लागण्याच्या सुमारास पुन्हा मागच्या पायाकडे वळतो. ज्याला दोष म्हणत होते तो दुसरा प्रकार निष्णात खेळाडूंमध्येही होता. तो दोष नव्हता, ती वेगळी चाल होती.

आता कल्पना करा, या दोन्ही जातींच्या खेळाडूंची सरासरी काढून कुणी 'आदर्श रेघ' बनवली आणि ती यंत्रात भरली. ती रेघ कुणाचीच नसेल. यंत्र मात्र दोघांनाही लाल दिवा दाखवील. म्हणून मनगटावरचे घड्याळ 'आज तुम्ही कमी चाललात' म्हणाले, की मी त्याला विचारतो, 'कोणापेक्षा?' ते उत्तर देत नाही. ज्याने रेघ ठरवली तो तिथे हजर नसतो.

मातीचा आरसा

मी आबांना विचारले, "तुम्हाला न बघता कसं कळलं?"

"न बघता कुठं? बघूनच की," ते म्हणाले. "तुमी त्या काचंकडं बघत व्हता, मी त्याच्या टाचंकडं."

मग त्यांनी तालमीतली गोष्ट सांगितली. तांबडी माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ करतात, हे आपण ऐकलेले असते. अंगाला लागू नये म्हणून, जखम चिघळू नये म्हणून. आबा म्हणाले, आणखी एक उपयोग आहे. झोंबी संपली की वस्ताद मातीकडे बघतो. टाच खोल रुतली असेल तर पैलवान मागे झुकून लढला. अंगठ्यापाशी खड्डा असेल तर पुढे धावला. दोन्ही ठसे सारखे असतील तर तो नुसता उभाच राहिला, त्याने काही केलेच नाही. "माती खोटं बोलत न्हाई, आन् लई बोलतबी न्हाई," आबा म्हणाले.

'लई बोलत नाही' यातली खोच मला नंतर कळली. माणूस शरीराची नवी हालचाल कसा शिकतो, यावर मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ प्रयोग केले आहेत. कॅरोली विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांचा १९९० सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर चूक किती झाली ते सांगितले, दुसऱ्याला निम्म्याच प्रयत्नांनंतर. दुसऱ्या दिवशी काहीही न सांगता परीक्षा घेतली, तेव्हा कमी सांगितलेला गट सरस ठरला. ज्याला दर वेळी उत्तर मिळत होते तो उत्तरावर टेकून उभा राहिला. टेकू काढला तसा तोल गेला.

गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली थेट गोल्फवर प्रयोग केला. नवशिक्यांपैकी काहींना सांगितले, आपल्या हातांकडे लक्ष द्या. काहींना सांगितले, काठीच्या झुल्याकडे लक्ष द्या. काठीकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. शरीराला त्याचे काम करू द्यावे, मालकाने दर क्षणी खांद्यावरून डोकावू नये, असा त्याचा साधा अर्थ.

माझ्या पहिल्या शाखेत एक जुने हेडकॅशियर होते. नोटांच्या थप्पीवरून अंगठा फिरवता फिरवता ते मध्येच थांबत आणि एक नोट बाहेर काढत. ती खोटी असे. पुढे नोटा मोजणारी यंत्रे आली, खोटी नोट ओळखणारे दिवे आले. ते यायलाच हवे होते; गर्दी वाढली होती. पण नंतरच्या पोरांच्या अंगठ्यात ती जाण उतरली नाही, आणि यंत्र बंद पडले की काउंटरही बंद पडू लागला. यात पोरांचा दोष नव्हता. त्यांना शिकवताना यंत्र कधी बाजूला ठेवायचे, हे कुणी ठरवलेच नव्हते.

म्हणून नातवाला माझा सल्ला बँकेतल्यासारखाच होता. दहा फटके इनसोल घालून मार. पुढचे वीस काढून मार. आणि पडद्याकडे बघण्याआधी दर वेळी स्वतः सांग, वजन कुठे होते. मग पडताळ. तुझे उत्तर आणि यंत्राचे उत्तर जुळू लागले, की इनसोल पेटीत ठेव. जे यंत्र शेवटी काढून ठेवता येते तेच शिकवते. जे कधीच काढता येत नाही ती कुबडी.

एवढ्यावर हा लेख संपला असता आणि त्यात आबांचा विजय झाला असता. माझ्या पिढीला तो आवडलाही असता. जुने ते सोने म्हणायला आम्ही टपलेलेच असतो. पण गोष्ट पुढे घडली.

लाल ठिपका

नातू म्हणाला, "आबा, तुम्ही घाला की. पैलवानाची पावलं कशी दिसतात बघू." दोघांच्या पावलांचे माप एकच. नको नको म्हणत आबांनी ते पांढरे बूट चढवले आणि खळ्यात उभे राहिले. हात पुढे, गुडघे किंचित वाकलेले, साठ वर्षांपूर्वीचा पवित्रा. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पडद्यावर डावे पाऊल हिरवे-पिवळे होते. उजव्या पावलाच्या अंगठ्यामागच्या उंचवट्यावर गडद लाल ठिपका उमटला होता. आबा दोन पावले चालले. ठिपका गेला नाही.

"आबा, इथे दुखतंय का?"

"छ्या. कायबी न्हाई."

सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. त्यांनी बूट काढायला लावले, पाऊल मांडीवर घेतले. त्या जागी जाड घट्टा होता. घट्ट्याच्या मधोमध काळपट डाग, आणि बोटाने दाबल्यावर कडेने ओल आली. आबांनी विचारले, "काय करतीस?" ती दाबते आहे हे त्यांना कळलेच नव्हते.

आबांना मधुमेह होऊन पंधरा वर्षे झाली आहेत. गोळ्या घेतात, साखर वर्ज्य आहे, आणि त्यांच्या मते तिथे विषय संपतो. नऊ दिवस ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या रस्त्याने आणि डोंगरावरच्या खडीवरून ते अनवाणी चालले होते. काटा रुतला की खडा, की नुसत्या दाबानेच कातडी आतून फाटली, कोण जाणे. दुसऱ्याची टाच मातीत किती रुतली हे दहा हातांवरून ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या तळव्यातली जखम कळत नव्हती.

वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यात जगाला एक गोष्ट दाखवून दिली. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्याने चटका, घाव, दाब कळत नाही, जखमा होत राहतात आणि बोटे जातात. वेदना ही शिक्षा नव्हे, राखण आहे. पुढे अमेरिकेत काम करताना त्यांनी रंगाच्या अतिसूक्ष्म कुप्या भरलेले मोजे वापरले. चालताना जिथे जास्त दाब येई तिथल्या कुप्या फुटून रंग उमटे. आबांच्या पडद्यावरचा लाल ठिपका आणि त्या मोज्यावरचा डाग, एकाच कामाचे.

मधुमेह वर्षानुवर्षे मुरला की पायाच्या नसांचे तेच होते. आणि हा आजार आता दुर्मीळ राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या किती जणांचे पाय मुके झाले असतील आणि किती जण ते बघत असतील, याचा विचार करावा. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी पूर्वी जखम होऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांना दाब मोजणारे इनसोल दिले. दाब फार वेळ एका जागी राहिला की मनगटावरचे घड्याळ सूचना देई: पाय हलवा, वजन दुसरीकडे न्या. २०१९ साली त्यांनी जाहीर केले, की सूचना मिळणाऱ्यांत नव्या जखमांचे प्रमाण सूचना न मिळणाऱ्यांपेक्षा ७१ टक्क्यांनी कमी होते. प्रयोग लहान होता, ५८ जणांचा. पण दिशा स्पष्ट आहे.

आणि इथे माझा सिद्धांत उलटा होतो. नातवाने इनसोल काढून ठेवायला शिकावे, कारण त्याच्या पायाला जाण आहे. आबांच्या पायाची जाण गेली आहे. त्यांना ते यंत्र टेकू नाही. गेलेल्या इंद्रियाच्या जागी बसलेले इंद्रिय आहे. एकच वस्तू एकाला कुबडी आणि दुसऱ्याला पाय. कोणाला काय, हे यंत्र सांगणार नाही. ते माणसाला ठरवावे लागेल.

कुणासाठी, हाही प्रश्न आहे

पुण्यात वानवडीजवळ लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालापासून आहे. युद्धात पाय गमावलेल्या जवानाला नवा पाय दिला म्हणजे काम संपत नाही. त्या पायावर वजन टाकायला शिकवावे लागते. जो पाय आपला नाही त्यावर विश्वास ठेवून उभे राहायचे, यापेक्षा अवघड वजन-बदल गोल्फच्या कुठल्याही मैदानावर नसेल. पक्षाघातातून उठणाऱ्यालाही हेच करावे लागते. घरातल्या ज्या आजीला अंधारात बाथरूमकडे जाताना पडायची भीती असते, तिचा प्रश्नही वजन कोणत्या पायावर हाच आहे.

सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने एक साधी युक्ती केली. घरातला वजनकाटा आणि शेजाऱ्यांचा वजनकाटा शेजारी शेजारी ठेवले आणि सौ.ला एकेक पाय एकेका काट्यावर ठेवून उभे केले. "मी सारखीच उभी आहे," असे सौ. ठामपणे सांगत होती. काटे सांगत होते, चाळीस आणि चोवीस. तीन आठवड्यांनी ते तेहेतीस आणि एकतीसवर आले, आणि मग तिने काटे न बघता सांगायला सुरुवात केली. दोन साध्या काट्यांचे संवेदक आमच्या दिवाणखान्यात पुरले.

माझे म्हणणे इतकेच आहे. शोधाला पैसा लागतो आणि तो बहुधा हौशीतून येतो, यात गैर काही नाही. दोन हात जास्त चेंडू जावा म्हणून कुणी हजारो रुपये मोजतो, त्यातूनच सेन्सर स्वस्त होतात. पण झाल्यावर ते कुठे पोचतात? शहरातल्या क्रीडाकेंद्रात पोचतात. तालुक्याच्या गावी जिथे मधुमेहाच्या गोळ्या मिळतात, तिथे पेशंटला बूट-मोजे काढून पाऊल दाखवायला किती जण सांगतात? त्यासाठी तर सेन्सरही लागत नाही. नायलॉनचा एक जाडसर तंतू असतो. डोळे मिटायला सांगून तो तळव्याला वाकेपर्यंत टेकवतात. दहा ग्रॅमचा तो दाब कळला तर पाय जागा आहे. न कळला तर पाय झोपला आहे, आता डोळ्यांनी राखण करायची. अत्यंत स्वस्त, बॅटरी न लागणारा हा संवेदक प्रत्येक गावच्या दवाखान्यात असायला काय हरकत आहे? आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी सुनेने, मुलाने किंवा नातवंडाने आरसा धरून आजोबांचे तळवे बघावेत, एवढी शिस्त प्रत्येक मधुमेही घरात असायला कोणत्या बजेटची तरतूद लागते?

अनवाणी चालण्याचाही विषय टाळून चालणार नाही. श्रद्धेची चेष्टा करणारा मी नाही. फिरंगाईचा डोंगर मीही हात जोडूनच चढतो. पण ज्याच्या पायाला काटा कळतो त्याचे अनवाणी चालणे हे व्रत. ज्याला काटा कळतच नाही त्याने सोसले असे तरी कसे म्हणावे? त्याच्या वाट्याला व्रताचे कष्ट येत नाहीत, फक्त जखम येते.

आबांना दुसऱ्या दिवशी दौंडला डॉक्टरकडे नेले. घट्टा तासला, आतली जखम साफ केली. हाडापर्यंत पोचली नव्हती. आणखी पंधरा दिवस गेले असते तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सांगितले. मी ते इथे लिहीत नाही. सहा आठवडे त्या पायावर भार नाही आणि यापुढे घरातही चप्पल, असा हुकूम झाला.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. जखम भरली होती. आबा मऊ तळव्याच्या जाड चपला घालून ओट्यावर बसले होते आणि त्या चपलांवर रागावलेले होते. नातू टेक्सासला परतला आहे. त्याने फोनवर सांगितले, इनसोल आता आठवड्यातून एकदाच घालतो, आणि फटक्याआधी आबांचा आवाज कानात येतो.

"साहेब," आबा हळू आवाजात म्हणाले, "औंदा नवरात्रात कसं करायचं? चप्पल घालून डोंगर चढलेलं देवीला चालंल का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते सूनबाईंनी आतून दिले. "चालंल की. नाहीतर दसऱ्याला तिनं ते मशीन घरी कशाला धाडलं असतं?"

आबा बराच वेळ गप्प बसले. मग उठले, चपला नीट केल्या आणि अंगणातून दोन फेऱ्या मारून आले. परत येताना ते पावलांकडे बघत होते. अंगणातल्या धुळीत दोन्ही चपलांचे ठसे जवळजवळ सारखे उमटले होते.